दुसरी ओंजळ



 आपण मानसशास्त्राचे अभ्यासक. पण न्यायाचा आणि मनाचा संबंध शोधताना मला प्रयोगशाळेच्या आधी महाडचं चवदार तळं आठवतं.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई विधिमंडळात संमत झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने ठराव करून तळं खुलं केलं. कागदावर न्याय झाला होता. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळ भरेपर्यंत त्या पाण्याला कुणा अस्पृश्याचा हात लागू शकला नाही. लागला तेव्हा सत्याग्रहींची डोकी फुटली, पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ केलं गेलं आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला.

ठराव बुद्धीला पटतो; विटाळ बुद्धीच्या आधी शिकवलेला असतो. आजीने शिवू नको म्हणून मागे ओढलेला हात माणूस जन्मभर तसाच मागे घेतो. त्यात भर पडते ती बाबासाहेबांनी दाखवून दिलेल्या श्रेणीबद्ध विषमतेची. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला आपल्या खाली कुणीतरी आहे याचा दिलासा असतो, म्हणून जिना मोडायला सगळे एकत्र येत नाहीत.

अन्याय पाहणाऱ्याचं मनही निर्दोष नसतं. १९६६ साली मानसशास्त्रज्ञ मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी एका तरुणीला विजेचे झटके बसत असल्याचा देखावा काही विद्यार्थिनींना दाखवला. तिचे हाल थांबणार नाहीत असं ज्यांना वाटलं, त्या तिलाच कमी लेखू लागल्या. जग न्यायी आहे हा विश्वास टिकवण्यासाठी मन पीडितालाच दोषी ठरवतं. आपल्या घरांत या सिद्धांताचं नाव आहे, ‘केलं असेल काहीतरी, त्याशिवाय का?’ बलात्काराची फिर्याद द्यायला आलेल्या मुलीला हेच वाक्य आजही ऐकावं लागतं.

कागदावरचा न्याय आजही अपुरा पडतो. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला. जुलै २०१७ पासून तो लागू आहे. पण वाळीत टाकलेल्या घराशी पहिल्यांदा बोलायचं कुणी? लेकीच्या लग्नाला कुणी येणार नाही, मयताला खांदा मिळणार नाही, ही भीती तुरुंगाच्या भीतीहून मोठी आहे. म्हणून लोक वाळीत टाकणाऱ्या जातपंचायतीचा दंड मुकाट भरतात.

यावर उपाय आपल्याच शास्त्रात आहे. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या प्रयोगांत चुकीच्या बहुमतापुढे अनेकांनी मान तुकवली. मात्र खरं बोलणारा एकच सोबती मिळाला, की तुकणाऱ्या माना झपाट्याने कमी झाल्या. महाडातही सुरबानाना टिपणीस आणि अनंतराव चित्रे आपल्या जातभाईंचा रोष पत्करून बाबासाहेबांसोबत उभे राहिले होते.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. बहिष्काराची तक्रार करणाऱ्या प्रत्येक कुटुंबामागे आपल्यापैकी एकाने उभं राहावं. पोलीस ठाण्यात सोबत जावं, सुनावणीला शेजारी बसावं आणि गावात परतल्यावर त्यांच्या घरचं पाणी प्यावं. पहिली ओंजळ भरायला असामान्य धैर्य लागतं. दुसरी भरणं आपल्याला जमण्यासारखं आहे, आणि ती भरली गेली की पहिला माणूस एकटा राहत नाही.