डावी चप्पल, उजवा पाय

घरात दोन वर्षांच्या आतले मूल असले म्हणजे त्या घरात घड्याळाला कोणी विचारीत नाही, अशी एक समजूत आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट असते. दुधाची वेळ, कामावर निघण्याची वेळ, झोपेची वेळ, औषधाची वेळ, अशा वेळांच्या मागे सारे घर धावत असते. घड्याळाकडे न पाहणारी व्यक्ती त्या घरात एकच असते, आणि ही सारी धावपळ तिच्याचसाठी चाललेली असते.

श्रोतेहो, अशाच एका घराचा एक आठवडा आज पाहावयाचा आहे. घर बेळगावातले, शहापूर भागातले आहे असे समजा. पुढे सोपा, मधे स्वयंपाकघर, मागे लहानसे परडे. वडील उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हिशेबनीस आहेत. आई एका पतसंस्थेत नोकरीला जाते. आजीचे वय पासष्टीचे, मन खंबीर, पण गुडघे कुरकुरणारे. शेजारी भिंतीला भिंत लागून एक कानडी कुटुंब राहते आणि तिथल्या म्हाताऱ्या बाईंना गल्लीतले सारेजण ‘अज्जी’ म्हणतात. आणि या सर्वांच्या मध्यभागी आहे वीस महिन्यांची एक मुलगी. तिला घरात ‘छोटी’ म्हणतात.

सोमवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटे झाली होती. आईची बस सव्वानऊची. छोटीला शेजारी अज्जींकडे पोचवून मग थांब्यावर जावयाचे, हा रोजचा क्रम. छोटी उंबरठ्यावर बसली होती. डावी चप्पल उजव्या पायात घालण्याचा तिचा उद्योग चालला होता. अंगठा पट्ट्याच्या आत जाई आणि बाकीची बोटे बाहेर राहत. ती पाय बाहेर काढी, चप्पल उलटी करून पाही, पुन्हा प्रयत्न करी. दोन मिनिटे आई थांबली. मग तिने वाकून चप्पल ओढून घेतली, दोन्ही पायांत दोन्ही चपला घातल्या आणि छोटीला उचलले. त्याबरोबर छोटीने पाठीची कमान करून जो टाहो फोडला, तो बसमध्ये बसल्यावरही आईच्या कानांत घुमत होता.

“फार हट्टी झाली आहे हो पोर,” आजी दारातून म्हणाली.

हट्ट हा शब्द आपण फार सहज वापरतो. त्या वयाच्या मुलाला हात, पाय आणि डोळे यांची जुळणी करावयाची असते. मोठ्यांची जशी नोकरी, तशी ही त्याची नोकरी. एखाद्या कारागिराच्या हातातून अर्धे झालेले काम कोणी हिसकावून घेतले, तर तो रागावेलच. त्याच्या रागाला आपण हट्ट म्हणत नाही.

मंगळवारी संध्याकाळी आजी कणीक मळावयास बसली. छोटीने परातीत दोन्ही हात घातले. पीठ जमिनीवर सांडले, केसांत गेले, पाण्याचे भांडे कलंडले. आजी प्रथम रागावली. मग काय वाटले कोण जाणे, तिने कणकेचा एक लिंबाएवढा गोळा काढून छोटीच्या पुढे ठेवला आणि पालथी वाटी दिली. छोटीने तो गोळा दाबला, लांबवला, वाटीवर थापला, पुन्हा गोळा केला. पंधरा मिनिटे घरात शांतता होती. पोळ्याही झाल्या.

आजीने कोणताही ग्रंथ वाचलेला नव्हता. पण तिने जे केले, त्याच्यामागे मोठी परंपरा उभी आहे. डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी 1907 साली रोममध्ये कामकरी वस्तीतल्या मुलांसाठी ‘बालगृह’ उघडले. मुलांना खोट्या खेळण्यांहून खरी कामे अधिक आवडतात, हे तिथे त्यांच्या ध्यानात आले. 1920 साली गिजुभाई बधेका यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केले. तारबाई नव्हे, तर ज्यांना सारे आदराने ताराबाई मोडक म्हणून ओळखतात, त्या मराठी विदुषी तिथे त्यांच्या सहकारी झाल्या. 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे 1945 साली ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. मूल शाळेत येत नसेल तर त्याच्या अंगणातच बालवाडी भरवावी, हा त्यांचा प्रयोग होता. पाणी भरणे, निवडणे, झाडणे, पुसणे, ही कामे तिथे शिक्षणाची साधने ठरली. झाडण्याला आणि निवडण्याला एवढी प्रतिष्ठा मिळाल्यावर कणकेच्या गोळ्याने लाजण्याचे कारण नाही.

बुधवारचा दिवस वाईट गेला. छोटी दुपारी झोपलीच नाही. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून दिवसाकाठी 11 ते 14 तास झोप हवी, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले आहे. झोप चुकली की जेवण चुकते, जेवण चुकले की रडणे सुरू होते. रात्री आठ वाजता आईने वरणभाताची वाटी एका हातात आणि मोबाइल दुसऱ्या हातात घेतला. पडद्यावर रंगीत चित्रे नाचू लागली, छोटीचे तोंड उघडे राहिले आणि त्या उघड्या तोंडात घास जाऊ लागले. आपण काय खातो आहोत, याचा छोटीला पत्ता नव्हता. एक वर्षाच्या मुलाला पडद्यासमोर बसवू नये, असे त्याच संघटनेचे सांगणे आहे, आणि आईने तेही वाचलेले होते. माहितीच्या अभावी ती मोबाइल देत नव्हती. सकाळचा डबा, दिवसभराची नोकरी, उद्याची तयारी आणि रडणारे मूल यांच्या मध्ये तिला दहा मिनिटे हवी होती, आणि ती मिळवण्याची दुसरी जागा तिला दिसत नव्हती. अशा आईला उपदेश करणे सोपे असते.

गुरुवारी लसीकरण होते. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान मुलाला घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांच्या लसीची वर्धक मात्रा, गोवर-रुबेला लसीची दुसरी मात्रा आणि पोलिओची वर्धक मात्रा द्यावयाची असते. ती तारीख घरात एकीलाच पाठ होती. लसीकरणाचे कार्ड कुठल्या कप्प्यात, कुठल्या पिशवीत आहे, हेही तिलाच ठाऊक होते. अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आई छोटीला आरोग्यकेंद्रात घेऊन गेली. परिचारिकेने टोचले, छोटी रडली, कार्डावर नोंद झाली. “आज रात्री थोडा ताप येईल, घाबरू नका. टोचलेली जागा चोळू नका,” असे सांगून तिने औषध किती आणि कधी द्यावयाचे, तेही सांगितले. रात्री खरोखरच ताप आला. आई पहाटेपर्यंत जागी होती.

शुक्रवारी आईच्या पतसंस्थेत हिशेबतपासणी होती आणि रजा मिळणे शक्य नव्हते. 2017 सालच्या कायदादुरुस्तीने प्रसूतिरजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर नेली आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन घातले. या पतसंस्थेत कर्मचारी अकरा. म्हणजे ते बंधन तिला लागू नाही. आजीचे गुडघे आदल्या रात्रीच्या जागरणाने सुजले होते. तापलेले मूल शेजारी ठेवणे बरे दिसेना. तेव्हा वडिलांनी रजा काढली.

“तू जा. मी बघतो. एका दिवसाचा तर प्रश्न आहे,” ते म्हणाले.

दहा वाजता त्यांचा पहिला दूरध्वनी गेला : औषध शेवटचे कधी दिले होते? साडेदहाला दुसरा : पिवळी वाटी कुठे आहे, दुसऱ्या वाटीतून ती खात नाही. सव्वाअकराला तिसरा : झोपताना कुठले पांघरूण लागते? हा गृहस्थ आळशी नव्हता, निष्काळजी तर मुळीच नव्हता. रोज संध्याकाळी तो मुलीशी खेळत असे, बाजारातून भाजी आणीत असे. आपण बायकोला पुष्कळ मदत करतो, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत होते.

दुपारी छोटी जागी झाली आणि क्षीण आवाजात म्हणाली, “नीर.” वडिलांना वाटले, ती काहीतरी बरळते आहे. ती पुन्हा म्हणाली, “नीर.” मग आजी आतून म्हणाली, “अरे, पाणी मागते आहे ती. महिना झाला, अज्जींकडे शिकली आहे. पाण्याला नीरच म्हणते.”

कारखान्यात दिवसभर कानडी बोलणाऱ्या त्या माणसाला ‘नीरु’ या शब्दाचा अर्थ अर्थातच येत होता. आपली मुलगी पाण्याला काय म्हणते, हे मात्र त्याला महिनाभर ठाऊक नव्हते. त्याने पेला भरून तिच्या ओठांना लावला. पुढे बराच वेळ तो काही बोलला नाही.

ही एका घराची गोष्ट नव्हे. 2019 साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देत होत्या, तर घरकामाला हात लावणारे पुरुष 97 मिनिटे. मुलांची, वृद्धांची व आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्यांत स्त्रियांची मिनिटे 134 होती आणि पुरुषांची 76. ही मोजणी हातांच्या कामाची झाली. लसीची तारीख, पिवळी वाटी, संपत आलेले दूध, आखूड झालेले झबले, हे सारे डोक्यात बाळगण्याला लागणारी मिनिटे मोजणार कशी? ते ओझे ज्याच्या डोक्यावर असते, त्याची सतत घाई चाललेली असते, आणि त्या घाईची किंमत अखेर मूल मोजते. सोमवारची हिसकावलेली चप्पल आणि बुधवारचा मोबाइल यांचे मूळ आईच्या स्वभावात नव्हते, ते या ओझ्यात होते.

शनिवारी ताप उतरला. रात्री छोटी झोपल्यावर वडिलांनी दिनदर्शिकेचे एक जुने पान उलटे करून पेन हातात घेतले.

“सांग,” ते म्हणाले. “तुझ्या डोक्यात जे जे असते ते सगळे सांग. मी लिहितो.”

“आत्ता? अहो, झोपा आता.”

“सांग तर.”

आई सांगू लागली. पान भरले, तेव्हा दुसरे घेतले. लिहिता लिहिता ते मधेच थांबत आणि “हेही?” असे विचारत. शेवटी त्यांनी काही ओळींपुढे खुणा केल्या. लसीकरण आणि औषधे त्यांच्याकडे आली. सकाळी छोटीला तयार करून अज्जींकडे पोचवणेही त्यांच्याकडे आले. त्यासाठी त्यांना अर्धा तास आधी उठावे लागणार होते. रात्रीचे जेवण भरवण्याचे काम एक दिवसाआड वाटून घेतले. आजीने दुपारच्या झोपेच्या वेळी आपणही आडवे व्हावे, असे ठरले. ‘मदत’ हा शब्द त्या रात्री कोणी उच्चारला नाही. मदत दुसऱ्याच्या कामात करावयाची असते.

अशा कागदाने घराचा कायापालट होतो, असे मानण्याचे कारण नाही. काही खुणा महिन्याभरात पुसट होतील, एखादी पुन्हा गिरवावी लागेल. ज्या घरात आजी नाही, शेजारी अज्जी नाही, किंवा एकट्या आईलाच सारे पाहावे लागते, तिथे वाटणी करावयाची तरी कोणाशी, हा प्रश्न उरतोच, आणि तो एकट्या घराने सोडवण्याजोगा नाही. पण जिथे खांदे दोन आहेत, तिथे ओझे एकाच खांद्यावर का असावे, याला उत्तर नाही.

रविवारी सकाळी बापलेक बाजाराला निघाले. छोटी उंबरठ्यावर बसली आणि तिने डावी चप्पल उचलली. वडिलांची नजर सवयीने घड्याळाकडे गेली. मग ते पायरीवर तिच्याशेजारी बसले. आई स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. अंगठा आत गेला, बोटे बाहेर राहिली. चप्पल निघाली, उलटी झाली, पुन्हा सुलटी झाली. समोरून एक भाजीवाली गेली, अज्जींनी दारात पाणी शिंपडले, आणि अखेर सर्व बोटे पट्ट्याच्या आत गेली. दुसऱ्या पायालाही तेवढाच वेळ लागला.

छोटी उभी राहिली. डावी चप्पल उजव्या पायात होती आणि उजवी डाव्या पायात.

“अहो, उलट्या आहेत,” आई म्हणाली.

“असू देत,” वडील म्हणाले. छोटीने त्यांचे बोट धरले, आणि उलट्या चपलांनी फटक फटक आवाज करीत ती गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेली.