अपघातग्रस्त कामगार आणि पहिला तास

(शाखा पदाधिकाऱ्यांच्या शिबिरात केलेले भाषण, किंचित संक्षिप्त करून)



मला दिलेला विषय सुरक्षिततेचा आहे. सुरक्षितता म्हणजे अपघात होऊ नये म्हणून काय करायचे ते. त्यावर सकाळी पुष्कळ बोलून झाले. लुकआउट मॅन, शिट्टी, लाल झेंडी, रात्रीची गस्त, सगळे झाले. मी त्याच्या पुढच्या गोष्टीवर बोलणार आहे. अपघात झालेला आहे, माणूस रुळाशेजारी पडला आहे आणि जिवंत आहे. आता काय करायचे? या प्रश्नावर आपण आजवर एकही ठराव धड केलेला नाही. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस आहे, डॉक्टर नाही. जे सांगेन ते इस्पितळांच्या व्हरांड्यात बसून शिकलेले आहे.

१९९८ सालच्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा गँगमन होतो, नोकरीला सहा वर्षे झाली होती. आमच्या गँगचा चावीवाला बीट करून परत येत असताना मागून आलेल्या इंजिनाचा धक्का लागून पडला आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला. त्याचे नाव सांगत नाही. तो निवृत्त होऊन गावी आहे आणि आपली कहाणी भाषणातून सांगितलेली त्याला आवडणार नाही. जवळचा डांबरी रस्ता पाच किलोमीटर दूर. आम्ही गमछा काढला, पण तो कुठे बांधायचा हे कोणालाच ठाऊक नव्हते. एक म्हणे जखमेवर, दुसरा म्हणे मांडीला. एकजण तर डब्यातली हळद काढून जखमेत भरायला निघाला होता. मालगाडी थांबवून त्याला गार्डच्या डब्यात घातला आणि पुढच्या स्टेशनवर उतरवला. स्टेशन मास्तर भला माणूस, पण त्याच्याजवळ एक फोन आणि मेमोचे पुस्तक एवढेच. रेल्वेचा दवाखाना नव्वद किलोमीटरवर. शेवटी दुधाचा टेम्पो मिळाला.

तालुक्याच्या गावातल्या खासगी इस्पितळाने दारातच सांगितले, दहा हजार डिपॉझिट भरा, मग बघू. पगाराला नऊ दिवस बाकी होते. आठ जणांच्या खिशांतून मिळून सहाशे चाळीस रुपये निघाले. मुकादमाने ओळखीच्या किराणा दुकानदाराकडून चार हजार उसने आणले, बाकीच्यासाठी स्टेशन मास्तरांनी आपल्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. पावती फाटली तेव्हा अपघाताला चार तास होऊन गेले होते. पाय मांडीपासून कापावा लागला. पुढे रेल्वेच्या सर्जनने मला सांगितले की दोन तास आधी आला असता तर कदाचित गुडघा राहिला असता. मला तेव्हा वाटले, पाय गेलाच आहे, गुडघ्याचे काय मोठे? पण गुडघा असलेला माणूस नकली पाय लावून पुष्कळ चालतो, जिना चढतो. गुडघा गेला की प्रत्येक पाऊल फेकत टाकावे लागते. "वाचला" एवढा एक शब्द लिहून आपण रिपोर्ट बंद करतो, त्या शब्दात गुडघा गेला की राहिला हे येत नाही.

तरी तो कायम नोकरीत होता म्हणून निभावला. अपंगत्व आलेल्या नोकराला काढता येणार नाही हे १९९५ च्या कायद्यात होते, आज ते २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० मध्ये आहे. त्याला बसून करायचे काम मिळाले, पगार राहिला. डिपॉझिटचे आणि औषधांचे पैसे मात्र चौदा महिन्यांनी परत आले. दुकानदाराने त्या काळात एकदाही तगादा लावला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे.

बंधूंनो, वेळेचा हा हिशेब डॉक्टर मंडळींनी नीट मांडून ठेवला आहे. जखमी माणूस मरतो तो बहुतेक वेळा रक्त जाऊन किंवा डोक्याच्या माराने. रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड नावाचे औषध आहे, जुने आणि स्वस्त. चाळीस देशांतल्या वीस हजारांहून अधिक जखमींवर त्याची चाचणी झाली आणि २०१० साली ती लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. हे औषध तीन तासांच्या आत दिले तर काही जीव वाचतात, आणि जितके लवकर तितका उपयोग जास्त. तीन तास उलटून गेल्यावर दिले तर उलट अपाय होऊ शकतो. आमचा चावीवाला चार तासांनी पोचला होता. म्हणजे आज ते औषध त्या इस्पितळाच्या कपाटात असते तरी त्याच्या कामाचे नव्हते.

कोणी म्हणेल, हे जंगलातल्या सेक्शनचे रडगाणे झाले, शहरात असे होत नाही. शहराची गोष्ट ऐका. ८ जुलै १९९२ रोजी पश्चिम बंगालमध्ये मथुरापूर स्टेशनवर एक शेतमजूर चालत्या गाडीतून पडला. डोक्याला जबर मार. प्राथमिक आरोग्य केंद्राने पुढे पाठवला. मध्यरात्रीच्या सुमारास कलकत्त्याच्या पहिल्या सरकारी रुग्णालयात पोचला, तिथे एक्स-रे काढले, ताबडतोब दाखल करा असे लिहिले आणि खाट नाही म्हणून परत पाठवला. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत एकामागून एक सहा सरकारी रुग्णालये फिरून झाली. कुठे खाट नाही, कुठे मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नाही. शेवटी खासगी रुग्णालयात सुमारे सतरा हजार रुपये खर्च करून तो वाचला. हा माणूस पश्चिम बंग खेत मजदूर समितीचा, म्हणजे एका मजूर संघटनेचा सभासद होता. संघटना त्याच्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. ६ मे १९९६ रोजी निकाल लागला की वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि सरकारला पैशाची सबब सांगता येणार नाही. पंचवीस हजारांची भरपाई मिळाली. शेतमजुरांची संघटना, जिच्या वर्गणीची आपल्या वर्गणीशी तुलनाच होणार नाही, तिने हे करून दाखवले. आपण रेल्वेवाले तो खटला आपला मानतच नाही.

त्याआधी १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात याच न्यायालयाने सांगितले होते की डॉक्टर सरकारी असो की खासगी, आधी उपचार, पोलीस आणि कागद नंतर. तेव्हा आमच्या चावीवाल्याला दारात उभे ठेवले ते निकाल येऊन नऊ वर्षे झाल्यावर. निकाल दिल्लीत होता आणि आम्ही टेम्पोत होतो.

आता रस्त्यावरच्या जखमींसाठी बरेच झाले आहे, ते चांगलेच आहे. १०८ ची गाडी २००५ साली आंध्र प्रदेशात सुरू झाली, महाराष्ट्रात २०१४ पासून नऊशेहून अधिक गाड्यांनिशी आली. जखमीला उचलणाऱ्याला पोलिसांनी छळू नये यासाठी २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने नियमांना मान्यता दिली, २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने योजना काढली की मोटार अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत, रोख न भरता उपचार मिळावेत. पण हे सगळे "मोटार वाहन" या दोन शब्दांपाशी थांबते. फाटकावर ट्रकने उडवलेला माणूस त्यात येतो. फाटकापासून शंभर पावले आत रुळावर इंजिनाने उडवलेला येत नाही. काकोडकर समितीने २०१२ साली लिहून ठेवले की रूळ ओलांडताना देशात दरवर्षी सुमारे पंधरा हजार माणसे मरतात, त्यातली सहा हजारांच्या आसपास एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर. रेल्वेच्या दावा न्यायाधिकरणाकडून गाडीतून पडलेल्या प्रवाशाच्या मृत्यूबद्दल चाराचे आठ लाख झाले, १ जानेवारी २०१७ पासून. पण ते वारसाला, मागाहून. पहिल्या तासात इस्पितळाच्या खिडकीवर त्यातला एक रुपयाही उपयोगी पडत नाही.

आता जे सांगायचे आहे ते थोडे जड आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात आमच्या सेक्शनमध्ये ब्लॉक घेऊन रूळ उतरवण्याचे काम चालू होते. रूळ घसरला आणि दोघे सापडले. एक आपला ट्रॅक मेंटेनर, दुसरा ठेकेदाराचा, झारखंडचा पोरगा, वीस-बावीस वर्षांचा. मला फोन आला. मी तेव्हा सचिव होतो. माझ्या तोंडून पहिला प्रश्न गेला, "आपला आहे का ठेकेदाराचा?" फोनवरचा मुकादम म्हणाला, एक एक. मी आपल्या माणसासाठी फोन फिरवले. रेल्वेची अँब्युलन्स निघाली, मान्यताप्राप्त इस्पितळाला पत्र गेले, एक पैसा भरावा लागला नाही. मांडीचे हाड जोडले गेले, सात महिन्यांनी तो ड्युटीवर आला. त्या दिवशी मला वाटले, काम चोख केले.

पोराला ठेकेदाराच्या सुपरवायझरने पिकअपमध्ये घालून सरकारी रुग्णालयात नेले. बाहेरून पोटावर फक्त खरचटलेले होते, तो बोलत होता, पाणी मागत होता. रक्त आत जात होते. सर्जन रजेवर, म्हणून पुढे पाठवला. पुढच्या खासगी इस्पितळाने पन्नास हजार मागितले. ठेकेदाराचा फोन बंद. तिथून दुसरे इस्पितळ, तिथून मेडिकल कॉलेजच्या वाटेवर गाडीतच गेला, अपघातानंतर अकरा तासांनी. अँब्युलन्स आली होती तेव्हा तिच्यात दुसरी जागा होती. हे मला मुकादमाने महिन्याभराने सांगितले. मी म्हणालो, मग त्यालाही का नाही घातलास? तो म्हणाला, "साहेब, तुम्हीच विचारलंत ना, आपला का म्हणून."

त्याच्या भरपाईचा दावा आम्ही लावला, मूळ मालक म्हणून रेल्वेला जबाबदार धरून. तीन वर्षांनी त्याच्या आईला पैसे मिळाले. कामावर झालेल्या इजेचा प्रत्यक्ष वैद्यकीय खर्च मालकाने द्यायचा, ही तरतूद २००९ च्या दुरुस्तीने जुन्या १९२३ च्या कायद्यात आली होती आणि तो कायदा ज्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला तिच्यातही ती आहे. पण खर्च परत मिळतो तो आधी खर्च करू शकणाऱ्याला. पन्नास हजार ज्याच्याजवळ नाहीत त्याचा खर्चच होत नाही, मग परत काय करणार? म्हणून आपली पहिली मागणी साधी आहे: रेल्वेच्या हद्दीत, रेल्वेच्या कामावर जो जखमी होईल त्याच्यासाठी इस्पितळाला जाणारे पत्र एकच असावे, मस्टर कोणाचे हे न बघता. दुसरी, दीड लाखांच्या योजनेत रुळावरचा जखमी घ्यावा. महासंघाने या दोन्ही मागण्या वर लावून धराव्यात, अशी माझी विनंती आहे.

पण वर जायचे ते जाऊ दे, खाली आपल्या हातात काय आहे? १०८ ला फोन केला की पलीकडची मुलगी विचारते, पत्ता सांगा. आपला माणूस सांगतो, "किलोमीटर ४१२ बटे ६, डाउन लाइन." तिला त्यातले काय कळणार? तिचा दोष नाही. धाराखोह-मरामझिरीसारख्या घाटात तर रस्ताच रुळाजवळ येत नाही. म्हणून आमच्या शाखेने प्रत्येक बीटचा एक तक्ता केला. या खांबापासून त्या खांबापर्यंत गाडी पोचेल असे जवळचे फाटक कोणते, गावाचे नाव काय, पावसाळ्यात तो रस्ता चालू असतो का. कोणत्या इस्पितळात रात्री सर्जन असतो, रक्तपेढी आहे का, किती किलोमीटर, फोन कोणता. गँगच्या झोपडीत स्ट्रेचर ठेवले. सेंट जॉनचे प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र आपल्यातल्या अनेकांकडे आहे, पण हाताने जखम दाबून धरायची सवय नाही. रक्त थांबवायला आधी स्वच्छ कापडाने जखमेवर घट्ट दाबायचे, आणि हात काढून पाहत बसायचे नाही, हे आम्ही दर सहा महिन्यांनी एकमेकांच्या मांडीवर करून बघतो. त्यात ठेकेदाराची पोरेही बसतात. सुरुवातीला आपल्याच दोघा-तिघांनी नाके मुरडली होती.

मागच्या टेबलावर कोरे तक्ते ठेवले आहेत. शाखेप्रमाणे मोजून न्या, भरून माझ्याकडे पाठवू नका, आपापल्या गँगच्या झोपडीत लावा. आणि सर्जनचा रकाना भरण्याआधी त्या इस्पितळाला रात्री दोन वाजता एकदा फोन करा. दिवसा विचारले तर सगळीकडे सर्जन हजर असतो.