पोकळीचे बळ



एखादी वस्तू किती टिकाऊ, हे ती कशाची घडवली आहे यावरून ठरते, असे आपण धरून चालतो. पोलाद भक्कम, काच ठिसूळ. सूक्ष्म जाळीदार रचनांच्या अभ्यासाने या समजुतीला चांगलाच धक्का दिला आहे.

२०११ साली अमेरिकेतील संशोधकांनी निकेल-फॉस्फरसच्या पोकळ नळ्यांची एक जाळी सिद्ध केली. प्रकाशाने घट्ट होणाऱ्या राळेचा सांगाडा आधी उभारायचा, त्यावर धातूचा मुलामा चढवायचा आणि मग आतली राळ विरघळवून टाकायची, अशी ही युक्ती. नळीची भिंत अवघी १०० नॅनोमीटर. घन सेंटिमीटरमागे वजन ०.९ मिलिग्रॅम, त्या पोकळीतली हवाच याहून जड भरते! ही जाळी निम्म्यापर्यंत दाबली तरी बव्हंशी पूर्ववत होते. तिच्या हलकेपणाचा गाजावाजा फार झाला; मला मात्र त्या उसळीचे मर्म मोठे वाटते.

२०१४ साली कॅल्टेकमध्ये ज्युलिया ग्रीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲल्युमिनाची, म्हणजे माणिक ज्याचे बनते त्या ठिसूळ द्रव्याची, जाळी केली. जाड भिंतीच्या नळ्या अपेक्षेप्रमाणे फुटल्या. सुमारे १० नॅनोमीटर भिंतीच्या नळ्या मात्र चुरगळून पुन्हा उभ्या राहिल्या. भिंत नळीच्या त्रिज्येच्या मानाने फार पातळ असली, की तडा जाण्याइतका ताण येण्यापूर्वीच ती दुमडते. अर्थात हे फुकट मिळत नाही. पहिल्याच दाबात सांध्यांपाशी बारीक चिरा पडतात आणि पुढच्या खेपेस जाळी मऊ लागते. ‘पूर्ववत’ हा शब्द म्हणूनच जपून वापरावा.

ताठपणाची गोष्ट निराळी. काड्या वाकून भार घेत असतील, तर घनता दहावा भाग केल्यावर ताठपणा शंभरावा भाग उरतो. काड्या केवळ ताणल्या-दाबल्या जातील अशी त्रिकोणी बांधणी असेल, तर दहावा. सांधे आणि दांड्या यांच्या संख्येचा हिशेब मॅक्सवेलने १८६४ मध्येच मांडला होता. लोखंडी पुलांच्या कैच्यांत तो आपण रोज पाहतो. लिव्हरमोर प्रयोगशाळा आणि एमआयटी यांच्या संशोधकांनी २०१४ साली तो सूक्ष्म जाळीत खरा करून दाखवला. पण काड्या जराशा वाकड्या घडल्या, की हा लाभ आटू लागतो. विमानाच्या पंखाएवढी जाळी करायची, तर अशा कोट्यवधी काड्या सरळ घडवाव्या लागतील. घोडे अडले आहे ते तिथे.