पेटीतील कॅसेटी आणि कवीचे नाव
(कॉटन ग्रीन येथील सभेत केलेले भाषण)



आज मी आपल्या घरातील लोखंडी पेटीविषयी बोलणार आहे. त्या पेटीच्या तळाशी, जुन्या रेशनकार्डांच्या व लग्नपत्रिकांच्या खाली, भीमगीतांच्या चार-दोन कॅसेटी पडलेल्या असतात. टेपरेकॉर्डर केव्हाच भंगारात गेला, तेव्हा या कॅसेटीही निरुपयोगी झाल्या असा आपला समज झालेला आहे. तो चुकीचा आहे, हे सांगण्यासाठी मी येथे उभा आहे.

या गीतांचा इतिहास आपल्या वस्तीपासून दूर नाही. येथून पुढचे स्टेशन शिवडी. तेथील बी. डी. डी. चाळीत वामनदादा कर्डक राहिले. नाशिक जिल्ह्यातील देशवंडी गावी 1922 साली जन्मलेला हा मनुष्य मुंबईत मोलमजुरी करीत मोठेपणी अक्षरे शिकला आणि 2004 साली निधन पावेपर्यंत हजारो गीते लिहून गेला. विठ्ठल उमप जन्मले नायगावास, 1931 साली. पोवाडा, कोळीगीत, गझल, कव्वाली, सारे त्यांच्या गळ्यात एकत्र नांदले. 26 नोव्हेंबर 2010 रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, भर कार्यक्रमात, त्यांनी प्राण ठेवला. प्रल्हाद शिंदे यांच्या ज्या आवाजात लोकांनी विठ्ठलाची गाणी ऐकली, त्याच आवाजात आपण भीमगीते व कव्वाल्या ऐकल्या.

आपल्यातील काही सुशिक्षित मंडळी या सरमिसळीला नाके मुरडतात. सिनेमाची चाल कशाला, कव्वालीचा ठेका कशाला, असे ते विचारतात. मला हा आक्षेप मान्य नाही. जलशाने तमाशाचे रूप घेतले आणि आतला आशय बदलून टाकला. ज्याला लिहिता-वाचता येत नव्हते, त्याच्यापर्यंत विचार नेण्याचा दुसरा मार्ग कोणता होता? ओळखीची चाल असली की पहिल्याच रात्री सारी चाळ ते गीत म्हणू लागे.

यातील काही गाणी मोठ्या कंपन्यांनी काढली. पुष्कळ गाणी मात्र 6 डिसेंबरला चैत्यभूमीच्या वाटेवर, फूटपाथवरील दुकानांतून मिळत. आणि चाळीत रात्रभर चाललेला सामना कोणी हौसेने टेप केला असेल, तर त्याची प्रत जगात एकच. ती तुमच्या पेटीत असू शकते. मुलुंडचे शाहीर विलास घोगरे यांचेच उदाहरण घ्या. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात 10 माणसे मारली गेली; त्यानंतर चार दिवसांनी घोगरे यांनी आत्महत्या केली. त्यांचा आवाज आज ऐकता येतो, कारण आनंद पटवर्धन यांनी 1985 च्या ‘हमारा शहर’ या चित्रपटासाठी तो टिपला होता. ज्यांच्या दाराशी कॅमेरा कधी आला नाही, त्यांचे काय?

आता आपली मुले जुनी ध्वनिमुद्रणे हुडकून यूट्यूबवर चढवितात. परभणीचे गाणे लंडनमधील मुलगी ऐकते. हे काम मी श्रेष्ठ मानतो. पण त्यात एक दोष शिरला आहे आणि तो मीही केला आहे.

कवीची नाममुद्रा बहुधा शेवटच्या अंतऱ्यात असते. वामनदादा आपले नाव तेथेच गुंफीत. मोबाईलसाठी गाण्याचा तुकडा पाडताना अथवा डी. जे.चा ठेका भरताना नेमका तोच अंतरा गळतो. गाणे गाजते, कवी नाहीसा होतो आणि चित्रावर तुकडा पाडणाऱ्याचे नाव झळकते. ज्यांची नावे शतकानुशतके कोणी लिहून ठेविली नाहीत, त्यांनी आपल्याच हाताने नाव खोडावे काय? 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे 57 वे कलम रचनेवर आपले नाव सांगण्याचा हक्क कवीला देते. गायकाच्या नावाचा हक्क 2012 च्या दुरुस्तीने कायद्यात आला. कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षे रचनेवर वारसांचा अधिकार राहतो. म्हणून त्यांना विचारावे, आणि त्या गाण्यावर पैसा मिळाला तर त्यांचा वाटा त्यांना द्यावा.

माझी चूक अशी. एका शेजाऱ्याच्या कॅसेटवर कव्वालीचा सामना होता. प्रारंभी निवेदकाचे बोलणे, खुर्च्यांचा आवाज, माईकची शिट्टी. ती गडबड नको म्हणून मी गाणे सुरू झाल्यावरच संगणकावर उतरविण्यास आरंभ केला. ते ऐकून लोकांनी विचारले, “ही गायिका कोण?” तिचे नाव निवेदकाने त्या गडबडीतच घेतले होते. मी कॅसेट पुन्हा लावली, तो फीत यंत्रात गुरफटून तुटली व चुरगळली. जोडूनही तेवढा भाग लागला नाही. गायिका आजही निनावी आहे.

तेव्हा माझी विनंती ऐका. कॅसेट घाईने वाजवून पाहू नका. मुंबईच्या दमट हवेत फितीला बुरशी धरते. यंत्राचे हेड स्पिरिटने पुसून मगच ती लावावी, आणि पहिल्या खरखरीपासून शेवटच्या टाळीपर्यंत न कापता उतरवावी. कवी, गायक, ठिकाण, साल, जे घरातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल ते त्यांच्यापाशी बसून लिहून घ्यावे. हे काम आजच करावे.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी दुरुस्त केलेला टेपरेकॉर्डर घेऊन येथेच बसणार आहे. कॅसेटी घेऊन या. वरची चिठ्ठी फाटकी असली तरी काढून टाकू नका.