आजी, तुम्ही बोला

आज कर्ज, हप्ता, व्याज यातलं काही बोलायचं नाही असं ठरवून आले होते. पण शेवटी गाडी तिथंच जाणार आहे. सुरुवात मात्र हसण्यापासून करू.

माझी भाची कॉलेजात आहे. तिच्या मोबाइलवर सारखं कुणीतरी एकटंच माइक धरून उभं असतं. ते बोलतं आणि समोरची माणसं हसतात. सोबतीला दुसरं पात्र नाही, पेटी नाही, ढोलकी नाही. याला म्हणे स्टँड-अप कॉमेडी म्हणतात. मी म्हटलं, यात नवीन ते काय? आपला तमाशातला सोंगाड्या हेच करतो की! राजाच्या दरबारात उभा राहून सरपंचापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांची फिरकी घेतो. आणि गवळणीतली मावशी तर थेट कृष्णाशीच भांडते. पण एक गंमत बघा, ती मावशी म्हणजे लुगडं नेसलेला बाप्या असतो. आजही टीव्हीवर पुरुष साडी नेसून येतात आणि म्हातारीची, जाड बाईची टिंगल करून हशा मिळवतात. मला नाही ते आवडत.

मी हे बोलले तशी भाची म्हणाली, "मावशी, थांब. तुला खरी बाई दाखवते." आणि तिनं एक जुना व्हिडिओ लावला. माझं इंग्रजी बीएपुरतंच, त्यामुळे निम्मं तिनंच समजावून सांगितलं.

त्यात अमेरिकेतली एक काळी म्हातारी होती. अंगात घरात घालतात तसा ढगळ फुलाफुलांचा झगा, डोक्यावर मऊ पडलेली टोपी, तोंडात दात नाहीत. नाव मॉम्स मॅबली. मॉम्स म्हणजे आई. बरोबरीच्या कलाकारांना ती आईसारखी सांभाळायची म्हणून हे नाव पडलं. तिचा जन्म १८९० नंतरच्या दशकातला, नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या एका छोट्या गावातला. वडील लहानपणीच अपघातात गेले. कोवळ्या वयात तिच्यावर अत्याचार झाले, मुलं झाली, ती दुसऱ्यांच्या हवाली करावी लागली. ती घर सोडून फिरत्या खेळांच्या कंपन्यांबरोबर निघाली, ती आयुष्यभर स्टेजवरच राहिली.

आता खरी गोष्ट सांगते. ही बाई तरुणपणापासूनच स्टेजवर म्हातारी व्हायची. पुढे तर दात काढून ठेवून उभी राहायची. का? तरुण बाई चारचौघांत बोलायला लागली की लोक तिचं तोंड बंद करतात. म्हातारी बोलली तर म्हणतात, जाऊ दे, आजी आहे. याच "जाऊ दे"च्या आडून ती वाट्टेल ते बोलून घ्यायची.

त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या लोकांसाठी पाण्याचे नळ वेगळे, बसायची जागा वेगळी, शाळा वेगळी. आपल्याकडच्या वेगळ्या पाणवठ्यांच्या गोष्टी ज्यांनी आईकडून, आजीकडून ऐकल्यात, त्यांना हे फोडून सांगायला नको. तर मॉम्स सांगायची, मी गाडीनं चालले होते, लाल दिवा लागला तरी पुढे गेले. पोलिसानं अडवलं. म्हणाला, "बाई, लाल दिवा दिसला नाही का?" मी म्हटलं, "दिसला की. पण हिरव्या दिव्याला सगळे गोरे लोक जाताना पाहिले. मला वाटलं, लाल आमचा असेल!"

लोक पोट धरून हसायचे. पण घरी जाताना डोक्यात काय घेऊन जात असतील, बघा.

१९६० पासून तिच्या बोलण्याच्या रेकॉर्डी निघाल्या. एकीचं नाव होतं 'मॉम्स मॅबली ॲट द यूएन', म्हणजे ही बिनदाताची म्हातारी थेट जगातल्या देशांच्या सभेत! १९६२ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये तिचा कार्यक्रम झाला, जिथं मोठमोठे गवई गातात तिथं. तेव्हा तिनं साठी केव्हाच ओलांडली होती. १९६९ मध्ये तिनं लिंकन, मार्टिन ल्यूथर किंग आणि केनेडी बंधू या मारल्या गेलेल्या नेत्यांवरचं एक गाणं म्हटलं. अजिबात न हसता म्हटलं, आणि ते देशभर गाजलं. १९७५ साली ती गेली.

दुसरी एक होती फिलिस डिलर. ३७ वर्षांची गृहिणी, पाच मुलं. १९५५ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका छोट्या क्लबात उभी राहिली. दोन आठवड्यांचं काम मिळालं होतं, ते ८९ आठवडे चाललं. आपल्या स्वयंपाकाला, चेहऱ्याला, सुरकुत्यांना ती स्वतःच हसायची. मला स्वतःला तिच्यापेक्षा मॉम्स जवळची वाटते. पण डिलरबाईची एक गोष्ट मात्र माझ्यासारख्या रजिस्टर लिहिणारीला फार भावली. ती प्रत्येक विनोद कार्डावर उतरवून, विषयवार लावून लोखंडी कपाटात ठेवायची. ५० हजारांवर कार्डं! ते कपाट आज अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. म्हणजे तोंडाला येईल ते बोलणं नव्हतं हो ते, राबून केलेलं काम होतं. ८४ व्या वर्षापर्यंत ती उभी राहत होती.

हे सगळं पाहून मी गप्प झाले, कारण मला आमचा मेळावा आठवला. बँकेचे साहेब आले होते, गावातली पुढारी मंडळीही होती. साहेब म्हणाले, साठीच्या पुढच्या बायकांना गटातून कर्ज देताना विचार करा, वय झालेलं असतं. आमच्या गटातल्या एका आजीला दोन शेळ्यांसाठी पैसे हवे होते. ती उठली आणि म्हणाली, "साहेब, मताच्या दिवशी मला जीपमधून नेतात, खुर्चीत बसवून उचलतात, तेव्हा कुणी वय विचारत नाही. कर्जाला मी माझ्या पायांनी चालत आले, तर वय विचारता होय?"

मंडपभर हशा झाला. पुढारीही हसले. आणि मी काय केलं? तिच्या पदराला धरून खाली ओढलं. "आजी, बसा आता," म्हटलं. मला भीती वाटली, साहेब रागावले तर आमची फाइल अडकेल. आजी बसली. साहेबांनी पुढचा विषय घेतला. तिच्या प्रश्नाला कुणीच उत्तर दिलं नाही, आणि इतिवृत्तात मीही तो लिहिला नाही. १२ वर्षं सहयोगिनी म्हणून काम करते, एवढी शेकडो इतिवृत्तं लिहिली, पण न लिहिलेलं ते एक वाक्य अजून टोचतं.

गेल्या बैठकीत मी रजिस्टर उघडून ते वाक्य, उशिरा का होईना, तारखेसकट लिहिलं. सगळ्यांना वाचून दाखवलं. गटानं ठरवलं की पुढच्या वेळी साहेब आले की पहिला विषय हाच घ्यायचा, आणि बोलायचं आजीनं. मग मी आजीला मॉम्सची गोष्ट सांगितली, झगा, टोपी, लाल दिवा, सगळं. ती मन लावून ऐकत होती. मग मला जवळ बोलावून हळूच विचारलं,

"मग साहेब येतील तेव्हा कवळी लावून येऊ, का काढून?"