फ्लॅशचा ब्रॅकेट घेताना

पानावरची कीड दाखवून कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यायचा, तर फोटो स्पष्ट हवा. कीड ओळखण्यात चूक झाली, की औषध वाया जातं आणि पीकही. मावा जेमतेम 2 मिलिमीटरचा. मॅक्रो लेन्स त्याच्या अगदी जवळ न्यावी लागते. मग कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा उजेड लेन्सच अडवते आणि किडीवर सावली पडते. ब्रॅकेट हवा तो यासाठी.

तो कॅमेऱ्याच्या तळाशी, ट्रायपॉडच्या स्क्रूच्या जागी बसतो. त्याचा दांडा वळवून फ्लॅश लेन्सच्या तोंडाशी आणता यावा. घरच्या कार्यात माणसांचे फोटो काढताना तोच फ्लॅश लेन्सच्या वर, उंच नेता यावा. म्हणजे सावली माणसाच्या मागे, खाली पडते. दोन्ही साधणारा, सांधे असलेला ब्रॅकेट निवडा.

दुकानात आपलाच कॅमेरा न्या. फ्लॅश बसवून, सांधे आवळून हलवून बघा. दांडा घसरला, तर तो नको. बॅटरीचं झाकण उघडतं का, तेही पाहा. कॅमेऱ्यापासून फ्लॅशपर्यंतची वायर बहुधा वेगळी घ्यावी लागते. आपल्या कॅमेऱ्याला चालणारीच घ्या आणि तिचा खर्च आधीच धरा.