बाकाबाईची मारबत



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इतवारीतून मोटार काढायची हिंमत कोणी नागपूरकर करत नाही. नेहरू पुतळ्यापासून जगनाथ बुधवारीपर्यंत सगळ्या गल्ल्या माणसांनी गच्च असतात. गच्च्या, गॅलऱ्या, बंद दुकानांच्या पायऱ्या, कुठं म्हणून पाय ठेवायला जागा नसते. मग ढोलताशे वाजू लागतात आणि घरांच्या ओळीमागून आधी एक डोकं वर येतं. मग खांदे, मग ती अवाढव्य छाती. पिवळी मारबत येऊन राहिली, असं कोणीतरी ओरडतं आणि लेकरं बापाच्या खांद्यावर चढतात.

मारबत म्हणजे वाजतगाजत मिरवून जाळायची मोठी पुतळी. ही पिवळी जगनाथ बुधवारीतल्या तऱ्हाणे तेली समाजाची. काळी मारबत नेहरू पुतळ्याच्या बाजूची. काळी 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून, असं दोन्हीकडची मंडळी सांगतात. एवढ्या वर्षांत या शहरानं मध्य प्रांत पाहिला, सीपी अँड बेरार पाहिलं, राजधानी असणं पाहिलं आणि ती गेलेलीही पाहिली. मारबत मात्र निघतेच.

बांधणी बघायची असेल तर पोळ्याच्या आधी त्या गल्लीत जावं. बांबू उभा चिरून त्याच्या कामट्या काढलेल्या असतात. कामट्या वाकवून, सुतळीनं आवळून आधी सांगाडा उभा राहतो. त्यावर तरट, त्यावर खळ लावून कागदाचे थर, एक वाळला की दुसरा. ऐन पावसाळ्याचे दिवस, कागद लवकर वाळत नाही. म्हणून कारागीर अधूनमधून बोटानं टिचकी मारून आवाज ऐकतो. आवाज बद्द आला की थांबायचं, खणखणीत आला की पुढचा थर. हे काम काही घरांत बापाकडून मुलाकडं आलेलं आहे. रंग चढला की ती पुतळी राहत नाही, देवी होते. बायका येऊन ओटी भरतात, नवस बोलतात, तान्ह्या लेकरांना तिच्यापुढं आणतात. आणि दुसरीकडं तिलाच वाजतगाजत नेऊन जाळायचं! पिवळीला लोक राखणकर्ती मानतात, तरी शेवटी तिचंही दहन होतं. घराघरांतलं दुखणं स्वतःवर घेऊन ती जाते, अशी समजूत आहे.

काळीची गोष्ट वेगळी. ती बाकाबाई, असं नागपुरात कोणीही सांगेल. भोसल्यांची राणी, 1857 च्या उठावात इंग्रजांना मिळाली, म्हणून लोकांनी तिचा काळा पुतळा काढला. आणि तिच्या नवऱ्यानं तिला अडवलं नाही, म्हणून त्याचाही पुतळा, तो बडग्या. गोष्ट ऐकायला झकास आहे. पण ती इतिहासाच्या शेजारी नेऊन बसवली की गडबड होते.

बाकाबाई ही दुसऱ्या रघूजी भोसल्यांची राणी. रघूजी वारले 1816 मध्ये. म्हणजे 1857 साली तिला अडवायला नवरा हयातच नव्हता, तो जाऊन एकेचाळीस वर्षं झाली होती! रघूजी गेले तेव्हा गादीवर आला त्यांचा दुबळा मुलगा परसोजी. दरबारात दोन तट पडले. त्यात परसोजीचे चुलतभाऊ अप्पासाहेब यांनी सरशी केली आणि इंग्रजांची तैनाती फौज पत्करण्याचा तह केला, त्याच 1816 मध्ये. तो बाकाबाईनं केलेला नव्हता. पुढं अप्पासाहेबच इंग्रजांवर उलटले आणि 1817 च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली. ती आपण हरलो. मग रघूजींच्या मुलीचा मुलगा दत्तक घेऊन गादीवर बसवला. तो लहान, म्हणून पालक बाकाबाई, आणि खरा कारभार रेसिडेंट जेंकिन्सच्या हातात.

हा तिसरा रघूजी 1853 च्या डिसेंबरात निपुत्रिक वारला. डलहौसीनं दत्तक नामंजूर केला आणि 1854 मध्ये राज्य खालसा झालं. त्यानंतर जे घडलं ते शाळेच्या पुस्तकात फारसं येत नाही. कंपनी सरकारनं राजवाड्यातली मालमत्ता लिलावात काढली. हत्ती, उंट, घोडे, बैल सीताबर्डीत मातीमोल विकले गेले. जडजवाहीर कलकत्त्याला गेलं. आणि म्हातारी बाकाबाई काय म्हणाली, ते जॉन के या इंग्रज इतिहासकारानंच लिहून ठेवलंय. वाड्यातलं सामान हलवलंत तर वाडा पेटवून देईन, अशी धमकी तिनं दिली होती. ज्या बाईला आपण दरवर्षी जाळतो, ती स्वतःचा वाडा जाळायला निघाली होती.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी तिची वकिली करतोय असं वाटेल. 1857 च्या जूनमध्ये नागपूरजवळच्या टाकळीच्या रिसाल्यातल्या शिपायांनी उठावाचा बेत केला होता. तो फुटला, काही जणांना फाशी झाली. त्या दिवसांत बाकाबाईनं आपलं सगळं वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकलं, हे खरं आहे. भोसल्यांना मानणारा मुलूख शांत राहिला त्यात तिचा मोठा वाटा होता, हे सरकारी गॅझेटिअरच नमूद करतं. पुढच्याच वर्षी ती वारली. त्यानंतर घराण्यानं दत्तक घेतलेल्या जानोजींना सातारा जिल्ह्यातल्या देऊरचे राजे बहादूर हा किताब मिळाला. घराणं कसंबसं टिकवायचं, एवढाच तिचा हिशोब असावा असं मला वाटतं. शहराला तो पटला नाही. पण 1816 च्या तहापासून 1854 च्या लिलावापर्यंत पुरुषांनी जे जे घालवलं, ते सगळं आपण एका म्हाताऱ्या बाईच्या खात्यावर मांडलं. सोयीचं होतं ते.

शिवाय मारबत काही बाकाबाईसाठी जन्माला आलेली नाही. भंडारा-गोंदियाकडं हिलाच नारबोद म्हणतात. तिथं ती पूतना मावशी आहे, कृष्णाला विषाचं दूध पाजायला आलेली. पिवळीची ती अवाढव्य छाती का, याचं उत्तर तिथं मिळतं. गावाकडं पोळ्याला पळसाच्या फांद्या दारात लावतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे माश्या, मच्छर, खोकला, ताप यांची नावं घेत गावाच्या शिवेबाहेर टाकून येतात. भर पावसाळा, साचलेलं पाणी, चिखल, घरोघरी आजार. अशा दिवसांत रोगराईला घालवून देण्याचा हा विधी. गाव शहरात आलं, तेल्याकोष्ट्यांच्या वस्त्या झाल्या आणि पळसाच्या फांदीची मोठी पुतळी झाली. तिला चेहरा देताना कोणाला तरी वाड्यातली राणी आठवली असेल. राणी मरून तेव्हा वीसेक वर्षं झाली होती, म्हणजे आठवण ताजीच होती.

असा विधी जगात आपल्याकडंच आहे, अशी फुशारकी मात्र मारायला नको. भूमध्य समुद्राच्या कितीतरी बेटांवर आणि किनाऱ्यांवर हेच चालतं. ग्रीसच्या बऱ्याच गावांत ईस्टरला यहूदाचा पुतळा जाळतात. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात मार्चमध्ये मोहल्ल्यामोहल्ल्यांतून पुढाऱ्यांची टिंगल करणारे भलेमोठे पुतळे उभे राहतात आणि 19 मार्चच्या रात्री पेटवले जातात. तिथं एखाद-दोन पुतळ्यांना मात्र लोकांच्या मतानं जीवदान मिळतं आणि ते संग्रहालयात जातात. आपल्याकडं माफी नाही!

आपला खरा चावटपणा बडग्यांमध्ये आहे. मारबतीचा चेहरा ठरलेला, बडग्याचा दरवर्षी नवा. महागाई, भ्रष्टाचार, रस्त्यातले खड्डे, डेंग्यू, कोरोना, पाकिस्तान, कोण नाही जळालं? मोहल्ल्यातली पोरं वर्गणी काढून पुतळा बांधतात, गळ्यात पाटी अडकवतात, आणि ज्या पुढाऱ्याला एरवी भाऊ म्हणून हार घालतात त्याचीच त्या दिवशी बिनपाण्यानं करतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा भाऊ. अग्रलेख लिहिणाऱ्यांना एवढी मोकळीक कधी मिळाली नसेल.

दोन्ही मारबती एकमेकींसमोर येतात तेव्हाची गर्दी टीव्हीवर पाहून कळत नाही. वरून लोंबणाऱ्या विजेच्या तारा लांब बांबूनं उचलून धरलेल्या, खाली ढोलांचा दणदणाट, आणि हजारो गळ्यांतून एकच आरोळी, घेऊन जा गे मारबत! काय घेऊन जा, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. गर्दीत माझ्या शेजारी एक मावशी उभ्या होत्या. त्या आधी सगळ्यांबरोबर रोगराई म्हणाल्या, मग हळूच सुनेकडं बघून आणखी काहीतरी पुटपुटल्या. सून हसत म्हणाली, आई, ते मी आधीच सांगून टाकलं तिला.

यंदा जायचा विचार असेल तर सकाळी लवकर निघा, गाडी महालात किंवा बडकस चौकाच्या अलीकडं लावा आणि पुढं पायी चला. दुपारनंतर तान्हा पोळा असतो. लाकडी बैल घेऊन पोरं बोजारा मागायला दारोदार फिरतात, तेव्हा खिशात सुटे पैसे असू द्या. नोटेचे सुटे ती देत नाहीत.